बियाण्याला हात लावण्यापूर्वी

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, राखीव मेमरीविषयी आमच्या गटातल्या नव्या मुलांसाठी दीड पानाचे टिपण लिहायचे होते, आणि फोंड्यातल्या घरी बसून ते लिहायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या मसुद्यात मी 'हा साठा अत्यंत जपून वापरावा' असे लिहिले होते. ते वाक्य खरे असले तरी ज्याला ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारा कोड, लिहायचा आहे त्याला त्यातून काहीही कळत नाही, म्हणून मी ते खोडले.

मेमरीच्या प्रत्येक विभागाला किमान, खालची आणि वरची अशा तीन पातळ्या असतात. मोकळी पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, खालच्या पातळीखाली गेली की केस्वॅपडी हा कर्नलचा पार्श्वभूमीत चालणारा धागा जागा होऊन पाने सोडवू लागतो. किमान पातळीही ओलांडली की सामान्य मागणीदाराला स्वतःच पाने मोकळी करण्याच्या कामाला जुंपले जाते. त्याखाली जे उरते तो राखीव साठा. मूळ सूत्राने 16 जीबीच्या मशीनवर किमान पातळी सुमारे 16 एमबी निघते, म्हणजे एकूण मेमरीच्या हजाराव्या हिश्शाइतकी. जीएफपी-ॲटॉमिक मागणीला, म्हणजे जी थांबू शकत नाही अशा मागणीला, या साठ्याचा काही भागच मिळतो. जीएफपी-मेमॲलॉक हा फ्लॅग, म्हणजे मागणीला जोडायची खूण, मात्र सगळ्या पातळ्या बाजूला सारून तळापर्यंत जाऊ देतो.

सावईवेऱ्याला आमच्या आजोळी बियाण्याचे भात गवताच्या मुडीत बांधून ठेवत, आणि खायचे तांदूळ संपत आले तरी ती मुडी सोडत नसत, कारण त्या भाताने पुढचे पीक द्यायचे असे. मेमॲलॉकचा करार नेमका हाच आहे: घेतलेल्या पानांमुळे लवकरच त्याहून जास्त मेमरी मोकळी होणार असेल, तरच ती घ्यावीत. प्रक्रिया संपताना किंवा स्वॅपवर, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर वापरायच्या बाहेरच्या जागेत, पाने लिहिताना हा करार पाळला जातो.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः तो मोडला. एका स्टोरेज ड्रायव्हरच्या चाचणीत मेमरी मिळेना म्हणून मी हा फ्लॅग लावला आणि चाचणी पार पडली. पुढे जड भाराखाली तेच मशीन गोठले, कारण माझे बफर, म्हणजे डेटासाठी घेतलेली मेमरी, समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत रांगेत अडकले होते, आणि रांग किती वाढू द्यायची याला मी मर्यादाच घातली नव्हती.

नेटवर्कवरून स्वॅप करताना हा धोका सर्वांत तीव्र होतो, कारण पान बाहेर पाठवायलाही मेमरी लागते आणि ते पोहोचल्याची पावती स्वीकारायलाही. त्या वेळी भलत्याच सॉकेटची, म्हणजे दुसऱ्याच नेटवर्क-जोडणीची, डेटाची पाकिटे साठ्यातून जागा घेऊ लागली तर पावतीलाच जागा उरत नाही. म्हणून 2012 मध्ये कर्नलच्या 3.6 आवृत्तीत एनएफएसवरील, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइल-साठ्यावरील, स्वॅपची सोय आली तेव्हा, राखीव मेमरीत उतरलेले पाकीट मेमॲलॉक सॉकेटसाठी, म्हणजे राखीव साठा वापरायची परवानगी असलेल्या सॉकेटसाठी, नसेल तर ते टाकून देण्याचा नियमही आला. तो मला त्या साऱ्या रचनेचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतो.

दुसरा सापळा टास्कवर, म्हणजे चालू प्रक्रियेवर, लावायच्या पीएफ-मेमॲलॉक या तशाच परवानगीच्या फ्लॅगचा. तो थेट पुसला तर बाहेरच्या फंक्शनने लावलेली परवानगीही पुसली जाते; म्हणून आधीची अवस्था जपणारी मेमॲलॉक-नोरिक्लेमची सेव्ह-रिस्टोर जोडीच वापरावी.

बहुतेक ड्रायव्हरना मात्र यातले काहीच लागत नाही. त्यांना हवा असतो मेमपूल, म्हणजे पावसाळ्याआधी घरोघरी भरून ठेवलेल्या पुरुमेंतासारखा स्वतःचा, आधीच बाजूला काढलेला साठा. मेमपूल राखीव मेमरीला हात लावतच नाही, कारण तो मागणी करतानाच राखीव साठा नाकारणारा नोमेमॲलॉक फ्लॅग जोडतो.

टिपणात शेवटी मी एक अट घातली: आमच्या कोडमध्ये मेमॲलॉक जिथे दिसेल तिथे त्याच्यावरच्या टिप्पणीत कोणती मेमरी मोकळी होणार, कशामुळे, एका वेळी जास्तीत जास्त किती पाने घेतली जाणार आणि मेमपूल का पुरत नाही, हे लिहिलेले असले पाहिजे. ही अट आधी माझ्याच जुन्या ड्रायव्हरला लावली. चौथ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आता तिथे मेमपूल आहे.