शॉट-वही: ‘फ्यूरी’ (1936), आगीनंतरचा अर्धा सिनेमा

मंडळी, ‘फ्यूरी’चा एकेक शॉट उतरवून काढायची वही अखेर पूर्ण झाली. तुरुंग पेटतो तिथपर्यंतचे शॉट मागेच उतरवून झाले होते. कोर्टाचा भाग मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तिथे एकेका शॉटवर थांबावं लागतं. आता दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचले आणि एक मत पक्कं झालं. फिल्म सोसायटीच्या गप्पांत या सिनेमाचा विषय निघाला की सगळे आगीच्या प्रसंगावर बोलतात. तो प्रसंग त्या तोलाचा आहेच. पण दिग्दर्शक फ्रिट्झ लँगने प्रेक्षकाला खरं पेचात पकडलंय ते आगीनंतर.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्या, कारण पुढे मी शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे.

गोष्ट अशी. जो विल्सन (स्पेन्सर ट्रेसी) हा साधा, कष्टाळू माणूस. कॅथरीनशी (सिल्व्हिया सिडनी) लग्न ठरलंय, पण हातात पैसे येईपर्यंत दोघं दोन गावांत राहतायत. भावांबरोबर पेट्रोल पंप चालवून तो चार पैसे गाठीला बांधतो, गाडी घेतो आणि तिला भेटायला निघतो. वाटेत स्ट्रँड नावाच्या गावाजवळ बंदूक रोखून त्याला अडवतात. एका अपहरणाचा तपास चालू असतो. जोच्या खिशात खारे शेंगदाणे निघतात आणि खंडणीच्या नोटांपैकी पाच डॉलरची एक नोट. तेवढ्यावर त्याला कोठडीत टाकतात. बघता बघता गाव तुरुंगावर चालून येतं आणि तुरुंग पेटवतं. जो जळून मेला असं सगळे धरून चालतात, पण तो निसटलेला असतो. मग तो ठरवतो की आपण मेलेलेच राहायचं, गावातल्या 22 जणांवर खुनाचा खटला चालू द्यायचा आणि कायद्याकडूनच त्यांना फासावर चढवायचं.

या कथेच्या मुळाशी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातली घटना आहे. नोव्हेंबर 1933 मध्ये तिथे ब्रूक हार्ट या तरुणाचं अपहरण झालं, त्याचा खून झाला. थॉमस थर्मंड आणि जॉन होम्स या दोघांना पकडलं, त्यांचे कबुलीजबाबही आले. 26 नोव्हेंबरला हार्टचं प्रेत मिळालं आणि त्याच रात्री जमावाने तुरुंग फोडून दोघांना सेंट जेम्स पार्कमधल्या झाडांना लटकवलं. गव्हर्नर जेम्स रॉल्फ यांनी सैन्य पाठवलं नव्हतं. वर त्यांनी या प्रकाराची उघड तारीफ केली, कुणाला शिक्षा झालीच तर आपण माफी देऊ असंही म्हणाले. शिक्षा कुणालाच झाली नाही. सिनेमात राजकीय हिशेबापायी सैन्य रोखून धरणारा गव्हर्नर दिसतो तेव्हा 1936 च्या अमेरिकन प्रेक्षकाला रॉल्फ आठवणारच. अडीच वर्षांपूर्वीचीच तर गोष्ट.

आता यातला एक बदल पाहा. सॅन होजेतल्या दोघांनी गुन्हा कबूल केला होता. सिनेमातला जो पूर्ण निर्दोष आहे. निर्दोष माणसाला जमाव जाळायला निघालाय म्हटल्यावर आपण कुणाच्या बाजूने हा प्रश्नच उरत नाही. लँगने जर्मनीत 1931 साली केलेला ‘एम’ या बाबतीत फार अवघड सिनेमा होता. तिथे पीटर लोरेने केलेला खुनी लहान मुलींना मारणारा आहे, गुन्हा त्याने केलेलाच आहे, आणि तरी गुन्हेगारांच्या टोळीने भरवलेल्या त्या न्यायालयात तो ओरडतो तेव्हा आपल्याला खुर्चीत नीट बसवत नाही. ‘फ्यूरी’चा पूर्वार्ध त्यामानाने सोपा वाटतो, अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकली आहे आणि पूर्वार्धापुरती मला ती मान्य आहे.

पण उत्तरार्धात लँग तो सोपेपणा पुरता काढून घेतो. कोर्टात बसलेले 22 जण खुनाच्या आरोपातून कायद्याने निर्दोष आहेत, कारण मेलंच नाहीये कुणी. मारायला मात्र ते सगळे निघाले होते. आणि आपण, ज्यांनी आत्ताच आग पाहिलीय, मनातून म्हणत असतो की होऊ दे यांना फाशी. जो रेडिओला कान लावून खटला ऐकतो तसेच आपणही ऐकत असतो. म्हणजे निर्दोष माणसाला मारायला टपलेला जमाव आता आपण झालो. ‘एम’मध्ये प्रेक्षक बाजूला उभं राहून बघू शकत होता, इथे ती सोय नाही.

पूर्वार्धातली एक जागा परत बघितली तेव्हा वाटलं की लँगने याची तयारी फार आधीपासून केलीय. न्हाव्याच्या दुकानातला प्रसंग. गाव अजून शांत आहे. माणसाच्या मनात येणाऱ्या विचित्र ऊर्मींवर गप्पा चालल्यात. एक न्हावी हातात वस्तरा घेऊन, अगदी सहज सुरात सांगतो की गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवताना कधीकधी वाटतं, चालवावा. बोलून वळतो तर खुर्ची रिकामी, गिऱ्हाईक केव्हाच पसार झालेलं! थिएटरमध्ये इथे हशा येतो. याच दुकानात बाहेर देशातून आलेला दुसरा न्हावी म्हणतो की नागरिक होण्यासाठी मला तुमची राज्यघटना वाचावी लागली, तुम्ही इथेच जन्मलात म्हणून तुम्हाला ती वाचायची वेळच आली नाही. लँग स्वतः 1933 मध्ये जर्मनी सोडून आधी पॅरिसला आणि तिथून अमेरिकेला आलेला. हा त्याचा अमेरिकेतला पहिला सिनेमा. त्या न्हाव्याच्या तोंडून कोण बोलतंय हे कळायला वेगळा पुरावा नको. आणि वस्तऱ्याची ती ऊर्मी पुढे अख्ख्या गावाच्या हातात येते.

अफवा पसरते तो भाग मी आवाज बंद करून पुन्हा पाहिला. हे जरूर करून बघा. फोन, स्वयंपाकघर, कुंपणाशी उभ्या बायका, दर वेळी तोंडाचा थोडा मोठा क्लोजअप, आणि मध्येच कलकलणाऱ्या कोंबड्यांचा कट. हा कोंबड्यांचा कट मला फार ढोबळ वाटतो. तो नसता तरी काही बिघडलं नसतं. पण त्यानंतर जमाव तुरुंगाकडे निघतो तेव्हा कॅमेरा जमावाच्या जागी जातो आणि शेरीफच्या दिशेने पुढे सरकत राहतो. तो शॉट पुन्हा पुन्हा थांबवून बघण्यासारखा आहे. तेवढ्या वेळापुरते आपले पायच त्या पायऱ्यांकडे चाललेले असतात. छायालेखक जोसेफ रुटनबर्ग. पुढे आग लागल्यावर चेहरेच चेहरे, ज्वाळांच्या उजेडात जवळजवळ स्थिर. लेकराला नीट दिसावं म्हणून त्याला वर उचलून धरणारी बाई त्यात आहे.

आता कोर्ट. माझ्या वहीची सर्वांत जास्त पानं इथे गेली.

साक्षीदार एकामागून एक येतात आणि शपथेवर खोटं बोलतात. अमका त्या वेळी माझ्याकडे होता, तमका गावातच नव्हता. शेरीफसुद्धा कुणाला ओळखल्याचं सांगत नाही. गावाने आपसांत मिटवलेलं आहे. मग सरकारी वकील (वॉल्टर एबल) कोर्टात पडदा लावतो, प्रोजेक्टर आणतो. आगीच्या रात्री न्यूजरीलवाले (थिएटरात दाखवायच्या बातम्या चित्रित करणारे) गावात होते आणि त्यांनी सगळं चित्रित केलंय. कोर्टात अंधार होतो. पडद्यावर तोच जमाव. आणि चित्र मध्येच गोठतं: पेटता बोळा फिरवणारी बाई. पुन्हा गोठतं: आग विझवायचा पाइप कुऱ्हाडीने तोडणारा माणूस. आणि डॉसन (ब्रूस कॅबट), ज्याने दारूच्या दुकानात सगळ्यांना चिथावलं होतं.

इथे लँगने काय केलंय ते शॉट लिहून काढताना नीट दिसलं. आगीच्या प्रसंगात चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात, गर्दी हाच एक देह असतो. न्यूजरीलची फ्रेम थांबली की त्या देहातून एक माणूस सुटा निघतो, ज्याला नाव आहे, घर आहे, आणि जो आत्ता त्याच खोलीत बाकावर बसलाय. गोठलेल्या चेहऱ्यावरून कट थेट बाकावरच्या चेहऱ्यावर. रात्रीचा चेहरा आवेशाने फुललेला, दिवसाचा चेहरा कुठल्याही दुकानात दिसेल असा. सिनेमाने सिनेमालाच साक्षीला उभं केल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि जो स्वतः भावांना सांगतो की मी दिवसभर थिएटरात बसून मला जिवंत जाळतानाचं न्यूजरील बघत होतो, प्रेक्षकांना ते आवडत होतं. एका खोलीत जे चित्र पुरावा ठरतं, तेच दुसऱ्या खोलीत करमणूक ठरलेलं असतं.

या भागाची वही लिहिताना धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा सतत डोक्यात होतं. 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सॲपवरची अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याचे व्हिडिओ फोनवरून राज्यभर फिरले. स्ट्रँडमध्येही आधी अपहरणाचं भय आहे, मग परका माणूस, मग तोंडातोंडी वाढत गेलेली बातमी, आणि सगळं टिपणारा कॅमेरा. पण राईनपाड्याच्या पाच जणांपैकी कुणीही आगीतून निसटून रेडिओ ऐकत बसलेलं नाही. सिनेमाची मोकळीक कुठे संपते हे त्यावरून कळतं.

आणखी एक मर्यादा नोंदवायला हवी. अमेरिकेत झुंडबळी गेलेल्यांमध्ये प्रचंड संख्येने कृष्णवर्णीय होते. लँगला ते ठाऊक होतं, त्याला त्या अंगाने सिनेमा करायचा होता, पण एमजीएम स्टुडिओने ते होऊ दिलं नाही. सरकारी वकिलाच्या तोंडी झुंडबळींचा मोठा आकडा येतो, पण ते बळी कोण होते हे तो सांगत नाही. त्याच काळात झुंडबळीविरोधी कॉस्टिगन-वॅगनर विधेयक सिनेटमध्ये अडवलं गेलं. असा केंद्रीय कायदा अमेरिकेत यायला मार्च 2022 उजाडावा लागला, तो 1955 मध्ये मारल्या गेलेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या नावाने आला.

वस्तूंवर थोडं. लँग माणसाला वस्तूंनी पकडतो. खारे शेंगदाणे जोला कोठडीत घालतात आणि तेच शेंगदाणे पुढे कॅथरीनला तो जिवंत असल्याचा संशय आणून देतात. सुरुवातीला स्टेशनवर ती त्याच्या कोटाचा फाटलेला खिसा शिवून देते, तो दोराही परत येतो. तिने दिलेली अंगठी येते. जो नेहमी चुकीचा म्हणायचा तो एक शब्द, त्याने आपल्या मृत्यूचा पुरावा म्हणून पाठवलेल्या निनावी पत्रात तसाच चुकीचा लिहिलेला सापडतो. कपाळावर हात मारावा इतकं हे घट्ट विणलेलं आहे, आणि काहींना ते जास्तच घट्ट वाटतं. मला ते पटतं, कारण मेलेला माणूस म्हणून जगायचं ठरवलं तरी जोच्या सवयी मेलेल्या नाहीत, हे या वस्तूंतूनच कळतं. त्याच्याबरोबरचा छोटा कुत्रा मात्र त्या रात्री खरंच जातो. ती कुत्री टेरी, जी 1939 मध्ये ‘द विझार्ड ऑफ ओझ’मध्ये डोरोथीबरोबर टोटो म्हणून जगभर पोचली.

ट्रेसीचं काम उत्तरार्धात बघा. भावांच्या खोलीच्या दारात तो अंधारात उभा राहतो तेव्हा आवाजातली ऊब गेलेली असते. पूर्वार्धातला मिश्कील जो आणि हा, यांत मेकअपपेक्षा चालण्यात फरक जास्त आहे. नंतर तो एकटाच जल्लोष करायला बाहेर पडतो. बारमध्ये कॅलेंडरचं पान फाडताना दोन पानं एकदम निघतात आणि 22 आकडा समोर येतो. दुकानाच्या काचेत 22 जणांचे चेहरे मागे उभे राहतात. हे जरा नाटकी आहे, जर्मनीतल्या जुन्या सवयींची आठवण करून देणारं. तरी बेडरूमचं सामान मांडलेली दुकानाची काच, जी दोघांनी सुरुवातीला एकत्र पाहिली होती, तिच्यासमोर तो एकटा येतो तेव्हा मला गलबलून येतं.

शेवटी जो निकाल वाचला जात असताना कोर्टात येतो. यांना वाचवायला आलो नाही, असं न्यायाधीशांना स्पष्ट सांगतो. न्यायावरचा, माणसांच्या सभ्यतेवरचा, आपल्या देशावरचा विश्वास त्या रात्री जळाला, तो कायद्याच्या हिशेबात येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्या भाषणावर सिनेमा संपायला हवा होता. त्यानंतरचं कोर्टातलं चुंबन स्टुडिओने घालायला लावलं, लँगला ते शेवटपर्यंत आवडलं नाही. मी त्याच्या बाजूने आहे. माफी मागायला आणि माफ करायला या जोला अजून बराच वेळ लागला असता, आणि ते चुंबन तो वेळ एका क्षणात गुंडाळून टाकतं.

आता पुढचं. विल्यम वेलमनचा ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ (1943) सुरू केलाय. जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा, हेन्री फोंडा, आणि त्यात वाचणारं कुणी नाही. त्यानंतर साय एंडफील्डचा 1950 चा सिनेमा घेणार आहे, जो सॅन होजेच्याच घटनेवर आहे आणि ज्यात पकडलेले दोघं गुन्हेगारच आहेत. ‘फ्यूरी’ने बाजूला ठेवलेला प्रश्न तिथे समोर येतो, म्हणून जमाव तुरुंगात शिरतो ते दोन्ही प्रसंग शॉटला शॉट लावून तपासायचेत. मर्विन लरॉयच्या ‘दे वोन्ट फर्गेट’ची (1937) शॉट-नोंद कुणी केली असेल तर कोर्टाच्या भागाची पानं मला हवी आहेत, बदल्यात ‘फ्यूरी’ची अख्खी वही देते.