तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला कॅमेरा घेऊ?

आमची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. यंदा वाड्यावरच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने विचारलं, "काका, चाळीस हजार जमवलेत. कुठला कॅमेरा घेऊ?" काय काढायचंय, असं मी विचारलं. म्हणाला, "घरची माटोळी, शिगमो, आणि जमलं तर चोडणचे पक्षी."

पक्षी आधी बाजूला ठेवूया. चोडण बेटावरच्या सलीम अली अभयारण्यातल्या खारफुटीत बसलेला खंड्या टिपायला निदान ३०० एमएमची लेन्स लागते, आणि तो उडताना हवा असेल तर शटर उघडं राहण्याची वेळ १/१००० सेकंदाहून कमी करावी लागते. चाळीस हजारांत सगळंच बसवायला गेलात तर काहीच धड होत नाही. सध्या रायबंदरहून फेरीबोटीने जा आणि भरती-ओहोटीला कोण कुठे बसतं ते बघून ठेवा.

माटोळीचं, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात त्या चौकटीचं, मात्र सविस्तर सांगतो. जुन्या घरांत गणपतीची खोली काळोखी असते. वर सुपारीचे घोस, तोरिंगं, कांगलां अशी फळं, खाली समयी. फ्लॅश मारला की समयीचा पिवळा उजेड मेलाच, आणि प्रत्येक फळाची काळी सावली भिंतीवर उमटते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची किट लेन्स ३५ एमएमवर एफ ४.५च्या आसपास उघडते; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं. एफ १.८ची साधी ३५ एमएम लेन्स त्याच्या सहापट प्रकाश आत घेते. म्हणजे किट लेन्सवर जिथे १/१० सेकंद शटर लागतं आणि आरती करणारे हात पुसट येतात, तिथे १/६० मिळतं. मेगापिक्सेल कितीही वाढवले तरी हे साधत नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जुनी घ्या, पैसे लेन्सवर घाला. फक्त एक सांभाळा, १.८वर नजरेत धरलेली जागाच तेवढी स्पष्ट येते. फोकस गणपतीच्या डोळ्यांवर ठेवा, पुढच्या केळ्यावर नको.

अनेकजण ५० एमएम सुचवतात. लहान सेन्सरच्या बॉडीवर ती ७५-८०सारखी वागते. खोलीत मागे सरकत सरकत भिंतीला पाठ टेकते, तरी माटोळी पूर्ण मावत नाही. तिथे ३५च हवी.

जुनं सामान घेताना लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्तात मिळत असली तरी परत द्या. ती बुरशी. निकॉनची डी ३००० किंवा डी ५०००च्या मालिकेतली बॉडी घेत असाल तर आणखी एक बघा: तिच्यात फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स तिच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. विकणारा हे सांगेलच असं नाही.

बुरशीबद्दल मी इतकं बोलतो, कारण ती माझ्या घरात झाली. एका पावसाळ्यात मी ३५ची लेन्स तिच्या चामड्याच्या पाकिटात घालून लाकडी कपाटात ठेवली आणि जूनपासून चवथीपर्यंत उघडून बघितली नाही. काढली तेव्हा पाकिटावर पांढरी बुरशी होती आणि काचेच्या कडेला आत एक नाजूक फांदी उगवली होती. उघडून साफ करून घेतली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता. ती खूण गेली नाही. मला अजून वाईट वाटतं, कारण एका डब्याने ती वाचली असती.

आपल्या हवेत कॅमेऱ्याच्या बरोबरीने हा डबा घ्यायचा असतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तास-दोन तास वाळवा. तांदूळ घालू नका, त्याची पूड लेन्समध्ये शिरते. एसीच्या खोलीतून बाहेर जाताना कॅमेरा बंद पिशवीतच ठेवा. बाहेरच्या दमट हवेत गार काचेवर लगेच वाफ धरते. कॅमेरा बाहेरच्याइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. आणि किनाऱ्यावर लेन्स बदलू नका.

शिगमोला, म्हणजे आमच्या शिमग्याला, ढोल-ताशांत नाचत जाणारा रोमटामेळ अंगावर येतो तेव्हा मेनूत शोधाशोध करायला वेळ नसतो. म्हणून आधी महिनाभर घरीच, संध्याकाळच्या उजेडात, एकाच लेन्सवर अ‍ॅपर्चर आणि शटर फिरवून बघा.

त्या मुलाला मी सांगितलं, पैसे एवढ्यात खर्चू नकोस. माझी जुनी बॉडी आणि ती खूण पडलेली ३५ची लेन्स चवथीपर्यंत घेऊन जा. समयी बाजूला ठेवून काढलास तर चित्र स्वच्छ येईल. समोर धरलीस तर ज्योतीभोवती धुरकट डाग दिसेल. तो बुरशीचा.