पाठीवरची द्राक्षं

मागच्या आठवड्यात एक चॅज्युबल दुरुस्तीला आलं. कॅथलिक चर्चमधल्या मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी याजक (फादर) सगळ्यांत वरून घालतात, तो बिनबाह्यांचा झगा. याच्या पाठीवर गव्हाची कणसं, द्राक्षांचा घोस, प्याला, कबूतर, आणि चहूबाजूंनी सोनेरी लेस. मागून कॅनव्हास लावून सगळं इतकं कडक केलेलं की घडीच पडेना. खांद्याची शिवण उसवली होती. उसवणारच, सगळा भार तिच्यावर.

बारा वर्षं मी ही वस्त्रं शिवतेय. शिवण घातली आणि गप्प बसले, कारण मत कुणी विचारलं नव्हतं. ते इथे लिहिते.

चॅज्युबलचं लॅटिन नाव 'कासुला', म्हणजे छोटं घर. रोमन लोक घराबाहेर पडताना अंगभर पांघरायचे, त्या झग्यातून ते आलं. आतला पांढरा पायघोळ आल्बही रोमन अंगरख्याचाच वंशज. म्हणजे मुळात हे रोजचेच कपडे. 428 साली पोप पहिले सेलेस्टीन यांनी गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या बिशपांना पत्रातून खडसावलं होतं की आपली ओळख शिकवणीने पटावी, पोशाखाने नव्हे. धंदा शिवणकामाचा असूनही मला हे पत्र पटतं.

कारण घर म्हटलं की माणूस आत दिसेनासा व्हायला हवा. याजकाचं पोट, शर्टाची इस्त्री, आवडनिवड सगळं झाकलं जातं आणि उरतं ते त्याचं काम. स्टोल, म्हणजे लांब अरुंद पट्टा, गळ्यातून दोन्ही बाजूंना सोडलेला असला तर याजक, डाव्या खांद्यावरून तिरका असला तर डीकन, म्हणजे याजकाच्या खालच्या पायरीचा सेवक. जांभळा रंग दिसला की आगमनकाळ (नाताळच्या आधीचा) किंवा उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा), हे शेवटच्या बाकावरूनही कळतं. गुलाबी वर्षातून दोनदाच: आगमनकाळाचा तिसरा रविवार आणि उपवासकाळाचा चौथा. (त्यासाठी वाढदिवसाच्या फ्रॉकचा गुलाबी आणू नका हो. वाळलेल्या पाकळीचा आणा.)

रोमन मिस्साच्या नियमावलीत 344व्या कलमात सांगितलंय की वस्त्राची शोभा कापडातून आणि बेतण्यातून यावी, सजावटीच्या भडिमारातून नव्हे. हे शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर घोळ. अर्धवर्तुळात बेतलं की कापड खांद्यावरून उरेबात, म्हणजे तिरक्या विणीत उतरतं. याजक प्रार्थनेला हात पसरतात तेव्हा मनगटापासून चुण्या पडतात, हात खाली आले की त्या विरतात. तीच खरी नक्षी. कडक भरतकामाने नेमकी तीच मरते, आणि दहाव्या बाकावरून द्राक्षं बटाट्यांसारखी दिसतात.

भरतकामाशी माझं वैर नाही. मधोमध एक उभी पट्टी असली तर सांधाही झाकतो आणि नजरही वर जाते. फ्रेंच चित्रकार मातीसने फ्रान्समधल्या वाँसच्या चॅपेलसाठी (छोट्या प्रार्थनामंदिरासाठी) चॅज्युबलांचे नमुने केले, ते रंगीत कागद कात्रीने कापून. मोठे, मोकळे आकार, लांबून ओळखू येणारे. कात्री हातात धरणाऱ्या माणसाचं काम आहे ते, लगेच कळतं.

काल फादर न्यायला आले. झगा खांद्यावर घेतला, हात पसरून पाहिले, आणि म्हणाले, "फारच जड आहे हो ताई."

मी टेप काढला आणि त्यांच्या खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप वहीत लिहून घेतलं.