कळसूबाई: सोपी आहे, पण रविवारी नाही

"अहो, पोरं चपला घालून चढतात तिथे," असं ऑफिसातल्या तिघांनी सांगितलं म्हणून आम्ही कळसूबाई धरली. आम्ही म्हणजे मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि बासष्टीचे सासरे. सासरे रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, मुलगी सिंहगड दोनदा चढलीये, त्यामुळे दमाची चिंता नव्हती. दोन जिन्यांत ज्यांना धाप लागते त्यांनी आधी दोन महिने चालायला लागा, मग पुढचं वाचा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच माथा. पायथ्याच्या बारी गावातून आठ-नऊशे मीटर तरी चढावं लागतं.

घरच्यांना घेऊन करण्यासारखी आहे का? आहे. फक्त शनिवार-रविवारी नाही, आणि पावसात तर नाहीच नाही. आम्ही सप्टेंबरातला रविवार पकडला. दोन्ही चुका एका दमात.

बारीला पोचणं सोपं. मुंबई-नाशिक हायवेवर घोटीला वळून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलात की बारी वाटेतच येते. गाडी लावायचे एकाने शंभर मागितले, पावती विचारल्यावर पन्नासवर आला. तेवढ्यावर मी भांडत नाही. राग आला तो काठ्यांचा. "काठीशिवाय वर जमायचं नाही" म्हणून चौघांच्या गळ्यात चार काठ्या मारल्या. शिडीवर दोन्ही हात कठड्याला हवेत, मग काठी धरायची कशाने? शेवटी चारही काठ्या मी बगलेत मारून चढलो आणि मागच्या माणसाच्या पोटात दोनदा खुपसल्या. उतरताना चिखलात काठी कामाची, हे खरं. एक घ्या, म्हाताऱ्या माणसाला द्या.

पहिला दीड तास उत्तम. भातखाचरं, ओढा, देवीचं खालचं देऊळ, मग डोंगराच्या सोंडेवरून सरळ चढ. वाट इतकी मळलेली आहे की चुकणार नाही, वाटाड्याचे पैसे घालू नका.

आता शिड्या. शिड्या अवघड नाहीत हे आधी सांगतो. लोखंडी आहेत, भक्कम आहेत, दोन्ही बाजूंना कठडे आहेत. शेजारी कातळात जुन्या खोबण्या आणि साखळ्या दिसतात, लोक पूर्वी त्यावरून चढायचे. ते पाहिलं की शिडीबद्दल तक्रार करायची लाज वाटते. पण शिडी अरुंद. एक माणूस वर, एक खाली, तेही दोघांनी पोट आत घेतलं तर. सूर्योदयासाठी रात्री दोनला निघालेली सगळी मंडळी आठ-नऊ वाजता खाली येतात, आणि आपल्यासारखे सकाळी निघालेले त्याच वेळी वर जातात. दोन्ही फौजा शिडीवर भेटतात. आम्ही एका शिडीच्या तोंडाशी ओल्या कातळावर पन्नास मिनिटं उभे होतो. धुकं, वारा, कुणाच्या तरी सॅकमधला स्पीकर, आणि शिडीच्या मध्यावर थांबून फोटो काढणारा एक हिरो. त्याला खालून लोकांनी जे ऐकवलं ते मुलीने पाठ केलंय.

चढायला मिळालं तेव्हा पायऱ्यांवर शेकडो बुटांचा चिखल बसला होता. ओलं लोखंड आणि वर चिखल, म्हणजे साबणच. मी पुढे जाऊन मुलीचा हात धरला आणि तिला वर ओढू लागलो. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तिचा पाय सटकला. माझ्या हातात दिलेला हात कठड्यावर असता तर ती जागीच थांबली असती. तसा नव्हता, म्हणून ती लोंबकळली आणि गुडघा सोलून घेतला. फार काही झालं नाही. पण माझी चूक होती आणि अशीच चूक करणारे चार बाप मला वर दिसले. मुलाचा हात धरू नका. त्याचे दोन्ही हात कठड्याला, मोठं माणूस एक पायरी खाली, पाठीशी. लहान मूल एका पायरीवर दोन्ही पाय टेकवतं, तेवढा वेळ त्याला द्या, मागचे ओरडले तर ओरडू द्या. उतरताना शिडीकडे तोंड करून, जसे चढलात तसेच उलटे उतरा. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथे बसून गुडघा धुतला.

माथ्यावर एवढंसं देऊळ, त्यालाही रांग. रांगेत सासऱ्यांनी गोष्ट सांगितली: कळसू, म्हणजे हीच देवी, घरकामाला राहिली ती अटीवर, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. तरी सांगितलं, तेव्हा रुसून डोंगरावर निघून आली. मुलगी म्हणाली, "बरोबरच केलं." ढग दहा मिनिटं फाटला, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, खाली भंडारदऱ्याचं पाणी. मग परत पांढरं.

जाऊन यायला साडेनऊ तास लागले. ऑफिसातल्या तिघांनी पाच सांगितले होते. ते तिघे मंगळवारी गेले होते, हे नंतर कळलं.

तुम्ही नोव्हेंबर ते जानेवारीत, मधल्या वारी जा. बारीतून सहाला निघा. नवरात्रात देवीची जत्रा असते. दर्शनाला जायचं तर जरूर जा, ट्रेक म्हणून नको. मधल्या वारी वाटेवरची सरबताची-ताकाची दुकानं उघडी असतीलच असं धरू नका, माणशी दोन लिटर पाणी आणि डबा पाठीवर हवा. पाऊस लागला आणि शिडीखाली रांग दिसली तर तिथूनच मागे फिरा, सोंडेवरून पण दिसतं बरंच.

दुसऱ्या दिवशी भंडारदरा पाहिलं. छान आहे.

आज बुधवार. सासरे सकाळी पाच किलोमीटर चालून आले. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, आणि मी तीन मजले कठडा धरून उलटा उतरतोय.