मशीन बसली, पण परवाना अडला: आमच्या कॅथलॅबचा अनुभव

आमच्या हॉस्पिटलात आता अँजिओप्लास्टी होते, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडतात. पण मशीन बसल्यापासून पहिला पेशंट टेबलावर घेईपर्यंत जो काळ वाया गेला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांच्याकडे कॅथलॅबचा, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत असे उपचार करायच्या खोलीचा, विचार चालू आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं प्रशासन बघतो. पूर्वी हार्ट अटॅकचा पेशंट आला की आम्ही ईसीजी काढायचो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचो आणि ॲम्ब्युलन्स नांदेडला सोडायचो. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर असा तो रस्ता. थेट अँजिओप्लास्टी करायची तर पेशंट हॉस्पिटलात पोचल्यापासून 90 मिनिटांच्या आत बंद रक्तवाहिनी उघडावी, असा दंडक आहे. आमची ती मिनिटं रस्त्यातच संपायची.

पैसे उभे राहिले, वाढीव वीजभार मिळाला, हृदयरोगतज्ज्ञही यायला तयार झाले. त्यावर जास्त लिहीत नाही, सगळं रीतीप्रमाणे झालं. भिंती आणि दारांना शिसं लावून घेतलं, मशीन आली, बसली. कंपनीच्या माणसाने बटण दाबून पडद्यावर चित्रसुद्धा दाखवलं. ट्रस्टींनी लगेच उद्घाटनाची तारीख विचारली.

पण कॅथलॅबची मशीन म्हणजे क्ष-किरणांचं यंत्र. एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना हाती आल्याशिवाय त्यावर पेशंट घेता येत नाही. अर्ज ‘ई-लोरा’ या त्यांच्या पोर्टलवर करायचा. त्याआधी रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याची, म्हणजे आरएसओची मान्यता लागते, स्टाफला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारे बिल्ले लागतात, आणि मशीन बसल्यावर क्यूए, म्हणजे गुणवत्ता चाचणीचा अहवाल लागतो. किरणांची मात्रा बरोबर आहे का, ट्यूबमधून किंवा दाराच्या फटीतून गळती नाही ना, हे त्यात मोजतात.

आमचं घोडं इथे अडलं. चाचणी करून द्यायची जबाबदारी पुरवठादार कंपनीची होती, करारात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. फोन केला की उत्तर यायचं, “सर, माणूस हैदराबादला आहे, या आठवड्यात पाठवतो.” पुढच्या आठवड्यात तोच माणूस इंदूरला असायचा. शेवटी एक जण आला, दिवसभर मोजमाप केलं, सह्या घेतल्या आणि गेला. आमच्या आरएसओने कागद बारकाईने वाचले तेव्हा दिसलं, की ज्या मीटरने गळती मोजली त्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर बरोबर मोजतो ना या तपासणीची, मुदतच संपलेली होती. असा अहवाल जोडून उपयोग काय? कंपनीचं म्हणणं, “अपलोड करून बघा, चालून जाईल.” मी ठाम नकार दिला. त्या खोलीत आमची पोरं रोज उभी राहणार होती. चाचणी नव्याने हवी म्हटल्यावर पुन्हा तेच फोन, तीच उत्तरं.

त्याच दिवसांत सेनगावकडचा एक शेतकरी रात्री छातीत दुखतं म्हणून आला. इंजेक्शन दिलं आणि नांदेडला पाठवायची तयारी केली. त्याच्या भावाने मला धरलं, “साहेब, मशीन आली म्हणत्यात ना, मग नांदेडला कामून?” मशीन पलीकडच्याच खोलीत प्लास्टिकखाली झाकलेली होती. त्याला काय सांगणार? पेशंट वाचला, पण तो प्रश्न मला पुढे कितीतरी दिवस झोपू देईना.

काम झालं ते एकाच गोष्टीमुळे. खरेदीच्या ऑर्डरमध्ये शेवटचा हप्ता आम्ही ‘मशीन बसल्यावर’ नाही, तर ‘परवाना मिळाल्यावर’ असा लिहून घेतला होता. त्यासाठी मी तेव्हा बराच भांडलो होतो आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. कंपनीच्या वरच्या साहेबांना पत्र पाठवलं, की अहवाल नीट नाही, हप्ता सुटणार नाही. मग मात्र माणूस आला, वैध प्रमाणपत्राचा मीटर घेऊन आला. त्यानंतर परवाना विनातक्रार मिळाला.

चाचणीला माणूस आला की आधी त्याच्या उपकरणांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं मागा, तारीख बघा, मगच खोली उघडून द्या. आरएसओची मान्यता मशीन यायच्या आधीच घेऊन ठेवा. टीएलडी बॅज शिशाच्या ॲप्रनच्या आत, छातीपाशी लावायचा असतो. आणि तुलनेसाठी सोबत येणारा कंट्रोल बॅज कॅथलॅबमध्ये ठेवायचा नाही, किरणं पोचणार नाहीत अशा खोलीत ठेवायचा. दर तिमाहीला सगळे बॅज वेळेवर परत पाठवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची तयारीही लगोलग सुरू करा. आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्याला खिशातून अँजिओप्लास्टी परवडत नाही. औषधी लेप असलेल्या स्टेंटची, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, किंमत 2017 मध्ये सरकारने 29,600 रुपयांवर बांधली, तरी बाकीचा खर्च राहतोच.

आणि हो, उन्हाळ्याचं बघा. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात व्होल्टेज वर-खाली होतं. मशीनच्या खोलीला एकाच एसीवर ठेवू नका, दुसरा तयार हवा, आणि यूपीएसचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.