तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यूंच्या बालवाडीत मुलं करतात तरी काय?

महाराष्ट्र मंडळाचा गणपती असो, पुण्यातलं लग्न असो, मला ठरलेला प्रश्न येतोच. 'तू ज्यू लोकांच्या बालवाडीत शिकवतेस ना? मग तीन-चार वर्षांच्या पोरांना धर्म शिकवता म्हणजे शिकवता तरी काय?' त्याला चिकटून दुसरा, जरा हळू आवाजात: 'आणि तुला चालतं?'

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. चालतं. आमची बालवाडी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, जोडून आहे आणि ज्यू नसलेली मी काही तिथली एकटीच शिक्षिका नाही. हिब्रू प्रार्थना माझी जोडीदारीण म्हणते. पीठ, पाणी, माती आणि सांडलेलं सगळं माझ्याकडे. डब्यात मांस आणायचं नाही, असा शाळेचा नियम आहे. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांत दूध आणि मांस एकत्र चालत नाही, त्यामुळे सगळेच डबे बिनमांसाचे ठेवणं सोयीचं पडतं. सासूबाईंना एवढ्यावरच शाळा पसंत पडली.

पहिल्या प्रश्नाला मात्र उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही.

शुक्रवारपासून सांगते. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो, म्हणून सकाळी आम्ही खल्ला करतो. खल्ला म्हणजे शब्बाथच्या जेवणातला गुंफलेला पाव. मैदा, यीस्ट, अंडी, तेल, थोडी साखर. दूध-लोणी नाही, कारण तो मांसाच्या जेवणाबरोबरही खाता यायला हवा. प्रत्येकाला एक गोळा. तो तिंबायचा, त्याचे तीन पेड वळायचे आणि आपण केसांची तिपेडी वेणी घालतो तशी वेणी घालायची. लहानपणी शाळेत जाताना आईने ओढून ओढून घातलेल्या वेण्या इथे कामी आल्या. तीन वर्षांच्या मुलाची वेणी वेणीसारखी दिसत नाही, कधी गाठ होते, कधी साप. भट्टीतून फुगून आली की सगळ्या सारख्याच छान दिसतात.

तिंबलेल्या कणकेतला एक लहानसा तुकडा बाजूला काढतात. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा हा वाटा पुजाऱ्यांना जाई. आता तो जाळून टाकतात. टेबलावर पाव दोन मांडायचे, कारण ज्यूंचे पूर्वज वाळवंटात भटकत असताना आकाशातून पडणारं अन्न, म्हणजे मन्ना, शुक्रवारी दुप्पट मिळे, अशी कथा आहे. चार वर्षांच्या मुलाला वाळवंट कळत नाही. पण टेबलावर एकच पाव असेल तर ते लगेच ओरडतं, 'दुसरा कुठंय?' तुम्ही विचारता तो धर्म आमच्या वर्गात असा येतो. आधी हाताला दोन ठेवायची सवय, मग 'दोनच का?' हा प्रश्न, आणि गोष्ट त्यानंतर.

शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी नाणी. शब्बाथला पैशाला हात लावत नाहीत, म्हणून त्याआधी प्रत्येक मूल गरजूंसाठीच्या डब्यात घरून आणलेलं नाणं टाकतं. त्या डब्याला त्सदाका डबा म्हणतात. अंगठा आणि तर्जनीत नाणं धरून अरुंद फटीत सरकवणं हा पुढे पेन्सिल धरण्यासाठी पहिल्या प्रतीचा सराव आहे. पण डब्यातले पैसे खरोखर कुणाला तरी जातात, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण बालवाडीतल्या 'क्राफ्ट'बद्दल माझं मत फारसं बरं नाही. कागदी थाळीवर बाईंनी आधीच कापून ठेवलेले तुकडे चिकटवायचे, बावीस मुलांच्या बावीस सारख्या थाळ्या घरी पाठवायच्या, आणि आईने त्या दोन दिवसांनी गुपचूप कचऱ्यात टाकायच्या. आमच्याकडेही असलं होतं, नाही असं नाही. पण जे पुढे कुणाला तरी लागणार आहे, ते काम मुलं वेगळ्याच गंभीरपणे करतात. खल्ला खाल्ला जाणार असतो. सुक्कोत या मांडवांच्या सणाला अंगणात मांडव उभा राहतो, त्याचं छप्पर फांद्यांचं आणि इतकं विरळ हवं की रात्री त्यातून तारे दिसावेत. फांद्या वर चढवतात मोठी माणसं, पण जमिनीवरून त्या ओढत आणतात मुलं. त्याच सणात खजुराच्या कोवळ्या झावळीबरोबर जे पिवळं फळ हातात धरतात, ते एत्रोग, म्हणजे आपलं महाळुंग. पहिल्यांदा हुंगलं तेव्हा वर्गात मीच सगळ्यात जास्त खूश झाले होते.

आता पार्स्ली. कोथिंबिरीची ही विलायती बहीण आमच्या वर्षातला सगळ्यात लांबलेला उद्योग. तू बिश्वात हा झाडांचा नववर्षदिन जानेवारी-फेब्रुवारीत येतो. इस्राएलमध्ये तेव्हा बदामाला फुलं येतात. इथे जमीन दगडासारखी गोठलेली. म्हणून कागदी पेल्यांत माती भरून पार्स्लीचं बी पेरायचं. ते उगवायला तीन-तीन आठवडे घेतं. मुलं रोज पेल्यात डोकावतात, रोज काही नसतं, आणि एखादं मूल बोट खुपसून बी आहे की गेलं ते बघून येतं. पण मार्च-एप्रिलमध्ये पेसाख, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेचा सण, येईपर्यंत चार पानं हाताशी येतात, आणि सणाच्या जेवणात तीच मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. ते पाणी म्हणजे मिसरमधल्या गुलामीतले अश्रू. आपण पेरलेलं आपल्याच ताटात आलं, यावर वर्गात निबंध लिहायला नको.

पेसाखच्या आधीचा आठवडा मला सगळ्यात आवडतो. गव्हा-जवासारख्या धान्यांचं आंबलेलं काहीही या सणात चालत नाही. ते शोधायचं कसं, तर पक्ष्याचं पीस, लाकडी चमचा आणि मेणबत्ती घेऊन. शाळेत मेणबत्तीऐवजी विजेरी. पावाचे दहा तुकडे आधीच लपवून ठेवलेले असतात, म्हणजे शोध वाया जात नाही. आणि मग आमच्या ध्यानात येतं की खेळायची मऊ रंगीत माती, प्लेडो, तीही गव्हाच्या पिठाची! ती बाहेर. चिकटकामाची मॅकरोनी बाहेर, भातुकलीच्या टबमधले ओट्ससुद्धा बाहेर. वर्ग एकदम रिकामा दिसतो, आणि खेळणी कुठे गेली म्हणून मुलं रडकुंडीला येतात. इथे खरा धडा सुरू होतो, कारण त्यांच्यासाठी सणाने काहीतरी नेलेलं असतं.

ही आवराआवर व्हायच्या आधी मात्सा, म्हणजे बिनआंबवलेला चपटा पाव, भाजायचा. पिठाला पाणी लागल्यापासून भाजून बाहेर येईपर्यंत 18 मिनिटं, त्यापुढे पीठ आंबू लागलं असं मानतात. पीठ एका टेबलावर, पाणी दुसऱ्या. घड्याळ लावलं की जी धांदल उडते! लाटा, काट्याने टोचा, भट्टीत टाका. मिसरमधून निघताना पीठ फुगायलाही सवड मिळाली नाही, हे सांगावंच लागत नाही. आमचा मात्सा खऱ्या सणाला चालत नाही, तेवढे कडक नियम बालवाडीच्या स्वयंपाकघरात पाळता येत नाहीत, आणि तसं आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो.

हे सगळं शिक्षिकांनी शोधून काढलेलं नाही बरं का. पेसाखचं जेवणच मुळात मुलांनी विचारावं म्हणून मांडलेलं आहे. आज रोजचा पाव का नाही, पालेभाजी खारट पाण्यात का बुडवायची, हे घरातल्या सगळ्यात लहानाने विचारायचं आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं. आम्ही फक्त टेबलाची उंची कमी करतो.

गाळतोही बरंच. गुलामांना सोडावं म्हणून देवाने मिसरवर आणलेल्या दहा संकटांपैकी बेडूक आम्ही प्लॅस्टिकचे आणून वर्गभर उडवतो. दहाव्याला, थोरल्या मुलांच्या मृत्यूला, हात लावत नाही. काही पालकांना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. चार वर्षांच्या मुलाला झोप यायला हवी.

याच जेवणात हारोसेत नावाची चटणी असते, गुलामांनी विटा थापल्या त्या चिखलाची आठवण म्हणून. इथे ती सफरचंद-दालचिनीची, खरं तर अक्रोडही हवा, पण शाळेत अक्रोड-बदाम बंद आहेत. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, ती खजुराची करतात. अलिबागच्या बाजूला ते तेलाचा घाणा शनिवारी, शब्बाथला, बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मी खजुराची करून नेली, नकाशावर कोकण दाखवलं, रंग कसा खऱ्या चिखलासारखा आहे तेही दाखवलं. मुलांनी एकमताने सफरचंदाला कौल दिला.

'एबीसीडी कधी?' हा प्रश्न आपल्याकडचे लोक शेवटी विचारतातच. होतं तेही. पेसाख सोडून बाकीच्या दिवसांत हिब्रू अक्षरं पिठाची वळतात, आणि जुन्या चालीप्रमाणे पहिल्या अक्षरांवर मध लावून मुलांना चाटायला देतात. हनुक्का या दिव्यांच्या सणात चार बाजूंना चार अक्षरं असलेला ड्रेडल नावाचा छोटा भोवरा असतो. तो चिमटीत धरून फिरवायचा, आणि तो फिरला की पेन्सिलीची काळजी मिटली समजा.

एका दिवाळीला मुख्य बाईंनी मला सांगितलं, तुझं काहीतरी कर. मी माती आणली, पणत्या केल्या, वाळवल्या, ओळीने मांडल्या. हनुक्काच्या दिव्यात आठ ज्योती आणि त्या पेटवायला वेगळा नववा, शामाश, कारण त्या आठांचा उजेड कामाला वापरायचा नसतो. एका मुलाने माझी रांग बोट लावून मोजली आणि विचारलं, 'यातला शामाश कुठला?' म्हटलं, आमच्यात नसतो. तो म्हणाला, 'मग पेटवता कशाने?' म्हटलं, काडेपेटीने. त्याला ते काही पटलं नाही. उरलेल्या मातीची त्याने जरा उंच अशी एक पणती केली आणि रांगेच्या टोकाला आणून ठेवली.