चावी दिली म्हणजे घर सुटले असे नाही

मे २०२३. इंग्लंडमधले स्विंडन सोडून गोव्यात डिचोलीला परतल्याला जेमतेम पंधरवडा उलटला होता. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे दिवस होते, अंगणात आमसुले वाळत घातलेली होती आणि ओसरीवर सासूबाई सुक्या मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसूनच मी लेटिंग एजन्सीचा, म्हणजे घरमालकातर्फे घर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा, तो ईमेल वाचला. मागील थकबाकी १,३५० पौंड, नोटिशीच्या महिन्याचे भाडे ९५० पौंड, सफाईचे १८० पौंड आणि कागदपत्रांचा खर्च ६० पौंड असे मिळून २,५४० पौंड होत होते. त्यातून आमची अनामत रक्कम १,०९६.१५ पौंड वजा करून उरलेले १,४४३.८५ पौंड सात दिवसांत भरावेत, अन्यथा प्रकरण न्यायालयात नेले जाईल, असे खाली लिहिले होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम दीड लाख रुपयांच्या घरात जात होती. आम्ही मात्र घर झाडून-पुसून, एप्रिलचे पूर्ण भाडे भरून, चाव्या हातोहात देऊन निघालो होतो आणि त्या घराशी आपला संबंध संपला असे धरून चाललो होतो.

हा अनुभव आज सविस्तर लिहिण्यास कारण घडले आहे. गेल्या आठवड्यात साखळी गावच्या आमच्या ओळखीच्या एका वहिनींचा लेस्टरहून फोन आला. त्यांचे दोन महिन्यांचे भाडे थकले आहे, कारखान्यातले काम सुटले आहे आणि मुलांना घेऊन गोव्याला परतायचे त्यांनी ठरवले आहे. चाव्या पाकिटात घालून दाराच्या फटीतून आत टाकायच्या आणि विमानतळ गाठायचा, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्यातून इंग्लंडला गेलेली कितीतरी कुटुंबे आज स्विंडन, साउथॉल, लेस्टर या भागांत भाड्याच्या घरांत राहतात. घर मिळवताना कोणती कागदपत्रे लागतात हे आपल्याकडे ज्याला त्याला तोंडपाठ असते, पण घर सोडायचे कसे याविषयी कोणी बोलत नाही, आणि थकबाकी असताना तर लाजेपोटी मुळीच बोलत नाही.

आमची थकबाकी कशी साचली ते आधी सांगते. सप्टेंबर २०२१ मध्ये केलेल्या करारावर तीन नावे होती: माझे यजमान, मी आणि यजमानांचे चुलत भाऊ. भाडे महिना ९५० पौंड, त्यांपैकी ५०० आमचे आणि ४५० दिरांचे, असे आम्ही घरात ठरवले होते. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस दुसरीकडे काम मिळाल्यामुळे दीर निघून गेले. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च असे तीन महिने त्यांचा वाटा आला नाही आणि आम्ही आमचे ५०० पौंड मात्र नेमाने भरत राहिलो. आपला हिस्सा आपण दिला आहे, बाकीचे एजन्सी त्यांच्याकडून वसूल करील, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ती सपशेल चुकीची ठरली. एकाच करारावर अनेकांच्या सह्या असल्या की इंग्लंडच्या कायद्यात प्रत्येक जण संपूर्ण भाड्याला जबाबदार असतो. घरात आपण केलेली वाटणी घरमालकावर बंधनकारक नसते आणि तो तिघांपैकी ज्याच्याकडून वसुली सोपी असेल त्याच्याकडे पूर्ण रक्कम मागू शकतो. हे कळल्यावर यजमानांना फार लागले. पैशांपेक्षा, भावाला फोन करून पैसे मागावे लागणार याचे त्यांना अधिक दुःख होते.

नोटिशीची गोष्ट याहून बारीक आहे आणि आमचे खरे नुकसान तिथेच झाले. आमच्या कराराची एक वर्षाची मुदत सप्टेंबर २०२२ मध्ये संपली होती आणि नवा करार न करता आम्ही तिथेच राहत होतो. अशा वेळी भाडेकरार महिन्यामहिन्याने आपोआप पुढे चालू राहत असे. आमचा महिना सात तारखेला सुरू होऊन पुढच्या सहा तारखेला संपत असे. सासऱ्यांची प्रकृती बिघडल्याचे कळताच ३ एप्रिलला मी एजन्सीला फोन करून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घर सोडत असल्याचे सांगितले. पलीकडच्या मुलीने ‘ठीक आहे, नोंद करते’ असे म्हटले, म्हणून मी निश्चिंत झाले. १२ एप्रिलला तिचाच ईमेल आला, की नोटीस लेखी हवी, आणि मी त्याच दिवशी लेखी पाठवली. त्या नऊ दिवसांनी पूर्ण महिना गेला. तेव्हाच्या नियमांनुसार राहत्या घराची नोटीस लेखीच असावी लागे, अशा करारात ती किमान एका महिन्याची असावी लागे आणि भाड्याच्या महिन्याची जी अखेर असे तिथेच ती संपावी लागे. ३ एप्रिलला दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या तर घर ६ मे रोजी सुटले असते. १२ एप्रिलच्या नोटिशीपासून ६ मेपर्यंत महिना भरत नव्हता, म्हणून ती ६ जूनला संपणार होती. आम्ही ५ मे रोजी चाव्या दिल्या खऱ्या, पण कायद्याच्या दृष्टीने भाडे पुढे चालूच होते.

ज्यांच्या कराराची मुदत अजून संपलेली नसे त्यांना तर मुदतीपूर्वी सोडण्याचा अधिकार करारात तसे कलम असेल तरच मिळत असे. इंग्लंडपुरते हे नियम आता बदलले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत झालेल्या रेंटर्स राइट्स कायद्यानुसार १ मे २०२६ पासून ठरावीक मुदतीचे करार जाऊन बहुतेक खासगी भाडेकरार चालू स्वरूपाचे होतात आणि भाडेकरूने दोन महिन्यांची नोटीस द्यायची असते. मालक लेखी कबूल झाला तर ती कमी करता येते. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत, हेही आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे.

त्या ईमेलला उत्तर देण्यापूर्वी मी दोन रात्री शेल्टर आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थांच्या संकेतस्थळांवरची माहिती वाचून काढली. या दोन्ही संस्था भाडेकरूंना मोफत सल्ला देतात. मग मी एकेका रकमेवर स्वतंत्र उत्तर लिहिले. थकबाकीचे १,३५० पौंड आम्ही पहिल्याच ओळीत मान्य केले. जे खरोखर देणे आहे ते टाळले नाही म्हणजे बाकीच्या मुद्द्यांवर आपले म्हणणे ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे. कागदपत्रांचे ६० पौंड मात्र साफ नाकारले, कारण १ जून २०१९ पासून लागू झालेल्या टेनंट फीज कायद्याने असे शुल्क भाडेकरूकडून घेता येत नाही. त्याच कायद्यानुसार उशिरा भरलेल्या भाड्यावर चौदा दिवसांनंतरच व्याज लागते आणि तेही बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

सफाईचे १८० पौंड मुख्यत्वे ओव्हनसाठी लावले होते. घरात शिरल्याच्या दिवशी मी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवले होते. त्यांतल्या एका फोटोत ओव्हनच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळा, जळका डाग स्पष्ट दिसत होता. निघताना बेकिंग सोड्याने घासून घासून माझी बोटे सोलवटली होती तो हाच डाग. तो फोटो तारखेसह पाठवला. गालिचा मात्र आमच्याकडूनच खराब झाला होता, ते मी मान्य केले आणि ९० पौंडांवर तडजोड झाली.

नोटिशीच्या महिन्याचे काय करावे हे सुचत नव्हते. त्याच सुमारास, आमच्या जुन्या गल्लीत राहणाऱ्या पेडण्याच्या एका मैत्रिणीचा निरोप आला, की तुमच्या घरात २० तारखेलाच नवे बिऱ्हाड आले, दारात बाळाची ढकलगाडी उभी असते. या एका वाक्याने आमचा हिशेब पालटला. भाडेकरू मध्येच निघून गेला तर ताबडतोब दुसरा शोधलाच पाहिजे असे बंधन घरमालकावर नसते, पण एकदा त्याने घर दुसऱ्याला दिले की त्या दिवसापासून जुन्या भाडेकरूकडे भाडे मागता येत नाही, कारण घर परत घेतल्याचेच ते लक्षण मानले जाते. मी तसे लिहून विचारल्यावर एजन्सीने २० मेची तारीख मान्य केली. ७ ते १९ मे या तेरा दिवसांचे भाडे दिवसाला सुमारे ३१.२३ पौंडांप्रमाणे ४०६.०३ पौंड झाले. अशा रीतीने १,३५०, ४०६.०३ आणि ९० मिळून १,८४६.०३ पौंड, त्यातून अनामत वजा जाता ७४९.८८ पौंड उरले. पहिल्या ईमेलमधल्या आकड्याच्या जवळजवळ निम्मे. निघण्यापूर्वीच नवा भाडेकरू येईल त्या दिवसापासून आम्हांला मोकळे करावे अशी लेखी विनंती केली असती, तर ही सगळी घालमेल वाचली असती.

अनामत रकमेविषयी आपल्याकडचा समज बाजूला ठेवावा लागतो. लग्नानंतर म्हापशाला आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर राहत होतो, तेव्हा शेवटचे दोन महिने भाडे न देता ते अनामतीतून वळते करून घेतले होते आणि घरमालकिणीने निघताना हातावर फणसाची पोळीही ठेवली होती. इंग्लंडमध्ये तशी वहिवाट गृहीत धरणे धोक्याचे आहे. तिथे अनामत (वर्षाचे भाडे ५०,००० पौंडांहून कमी असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी) घरमालकाच्या मर्जीवर सोडलेली नसते. ती तीस दिवसांच्या आत तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत संरक्षित करावी लागते आणि वाद झाल्यास त्या योजनेचा निवाडा करणारा अधिकारी दोन्ही बाजूंचे पुरावे पाहून विनामूल्य निर्णय देतो. वजावट योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी घरमालकावर असते. परंतु शेवटचे भाडे न भरता अनामतीतून घ्या असे आपण एकतर्फी ठरवले, तर तो महिना थकबाकीतच धरला जातो.

सगळ्यात मोठी भीती मला न्यायालयाची वाटत होती आणि ती अनाठायी नव्हती. थकलेल्या भाड्यासाठी तिथे सहा वर्षांपर्यंत दावा लावता येतो. दाव्याची कागदपत्रे आपल्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर जातात. तो पत्ता म्हणजे सोडलेलेच घर असेल, तर गोव्यात बसलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वी उत्तर देण्याची मुदत संपून एकतर्फी निकाल लागू शकतो. एका महिन्यात पूर्ण पैसे भरले नाहीत, तर त्या निकालाची नोंद सहा वर्षे राहते आणि पुन्हा इंग्लंडला गेल्यावर घर किंवा कर्ज मिळवताना आडवी येते. म्हणून निघताना आपला गोव्यातला पत्ता आणि चालू ईमेल एजन्सीला, नगरपालिकेच्या कौन्सिल टॅक्स (स्थानिक घरकर) विभागाला आणि वीज कंपनीला लेखी कळवावा, मीटरचे फोटो काढावेत आणि तिथले बँक खाते इतक्यात बंद करू नये. आम्ही खाते ठेवले होते म्हणूनच पुढचे हप्ते भरणे सोपे गेले.

उरलेल्या रकमेचे आम्ही पाच हप्ते मागितले, पहिले चार १५० पौंडांचे आणि शेवटचा १४९.८८ चा. इतकीच रक्कम का, हे समजावे म्हणून महिन्याच्या जमा-खर्चाचा साधा तक्ता जोडला. तिसऱ्या दिवशी होकार आला. प्रत्येक हप्ता भरताना तो कोणत्या थकबाकीपोटी आहे ते मी ईमेलमध्ये नमूद करत असे. यजमानांनी शेवटी भावाला फोन केला. दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दादा, चार हप्ते माझे.’ ते त्यांनी एकही दिवस न चुकता भरले. ऑक्टोबरमध्ये शेवटचा हप्ता गेल्यावर मी एजन्सीकडून आता काहीही देणे उरलेले नाही असे तिघांच्याही नावांनी लिहून घेतले आणि त्याची एक प्रत दिरांना पाठवली.

साखळीच्या वहिनींना हे सारे सांगण्याआधी मी एकच विचारले: करारावर भाड्याचा महिना कोणत्या तारखेला सुरू होतो? त्यांना ठाऊक नव्हते. करार बहुधा मुलांच्या शाळेच्या कागदांत असेल म्हणाल्या आणि तो शोधायला उठल्या. तो सापडेपर्यंत मी फोन धरून बसले होते.